अण्णांच्या शिव्या

"बाळा, चहा अप्रतिम झालाय," अण्णा म्हणाले आणि संपदाच्या अंगावर काटा आला. कोल्हापुरात जन्मभर तालीम चालवलेला हा पैलवान. लेकीला त्यानं "ए भवाने"शिवाय कधी हाक मारली नव्हती.

कॅन्सरनं घसा गेल्यावर अण्णांच्या गळ्यात यंत्र बसवलं होतं. मनात शब्द आला की यंत्र तो त्यांच्याच आवाजात बोलायचं. संपदा प्रोग्रॅमर. ती तेव्हाच भांडली होती, "ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, ते यंत्र बसवा. आवाज घोगरा येईल, पण आत काय चाललंय ते दिसंल तरी."

"एवढी मोठी कंपनी खोटं बोलंल व्हय?" भाऊ म्हणाला आणि त्यानं कंपनीचंच बसवलं. कोड कुलपात, किल्ली कंपनीच्या खिशात. परवा नवं अपडेट आलं आणि अण्णांच्या शिव्या बंद झाल्या.

"अण्णा, हे तुम्हीच बोलताय न्हवं?"

"हो बाळा. मी समाधानी आहे." अण्णांची मान मात्र जोरजोरात नाही म्हणत होती.

संपदानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. कोड दुरुस्त करणं तिच्या हातात नव्हतं, यंत्र बंद करणं होतं. पण मग अण्णा कायमचे मुके. तिचा हात थबकला. अण्णांनीच तिचं मनगट धरून हात गळ्याशी नेला.

"कृपया मदत करा!" यंत्र त्यांच्याच आवाजात ओरडलं. "माझी मुलगी मला मारते आहे!"

शेजारी दार ठोकायला लागले. म्हाताऱ्या पैलवानाची पकड सुटली नाही.