तहानेची खूण

दिवाळीची सुट्टी संपवून सुनीती संशोधन केंद्राच्या हरितगृहात शिरली आणि दारातच थबकली. ठिबकची नळी तुंबली होती. तिच्या प्रयोगातली मोहरीची रोपं माना टाकून वाळली होती.

"सगळं संपलं, सर," तिने फोनवर सांगितलं. मार्गदर्शक राजहंस सर आले तेव्हा ती जमिनीवरच बसली होती. झाडांच्या एका पिढीने सोसलेली तहान पुढच्या पिढीत उतरते का, हा तिचा विषय सोडून दे, असं त्यांनी उन्हाळ्यातच सुचवलं होतं.

ते मात्र शेवटच्या रांगेपाशी थांबले. तिथली रोपं कोमेजली होती, पण हिरवी होती; काहींना फुलंही होती.

"यांना पाणी मिळालं?"

"नळी सगळ्यांना एकच आहे." सुनीती उठली. तिने कुंडीवरची चिठ्ठी वाचली. "फक्त यांच्या आधीच्या पिढीला मी फुलोऱ्याआधी मुद्दाम तहानलेलं ठेवलं होतं."

"जनुकं वेगळी आहेत?"

"नाही, तीच आहेत. पण तहानेमुळे त्यांच्यावरच्या, त्यांना चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा बदलून परागकणांतून, बीजांडांतून पुढे आल्या असतील."

सरांनी एक फूल जवळून निरखलं. मग त्यांनी कोपऱ्यातली झारी भरून आणली आणि तिच्या हातात दिली.

"आधी यांना पाणी घाल. परागकण तपासशील तेव्हा मला बोलव."