खटका

गिरणीच्या संपात नोकरी गेल्यावर सहदेवला मुलुंडच्या कारखान्यात तांब्याच्या खाणीत जाणारी ड्रिल मशिनं तपासायचं काम मिळालं होतं. त्या दुपारी एका मशीनचा खटका सोडला तरी ते थांबेना. त्यानं ते बाजूला ठेवलं. "सही कर. पुन्हा घरी बसायचंय का?" मॅनेजर आठल्ये म्हणाले. "साहेब, खाणीत हे उलटलं तर माणसाला पळायलाही जागा नाही." "तिथे तुझं कोण आहे रे?" सहदेवनं हवेचा पाइप जोडून मशीन त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही एकदा चालवून बघा." आठल्ये मागे सरले. सही त्यांनीच केली. हमाल खोक्याला खिळे ठोकणार, तेवढ्यात सहदेवनं लाल रंगात बोट बुडवून मशीनवर हिंदीत लिहिलं, 'छोड़ने पर बंद नहीं होती'. ट्रक फाटकाबाहेर गेला. ते मशीन हातात घेणाऱ्याला वाचता येत असेल का, कुणाला विचारायचं?