अक्काचा प्रश्न

अक्काच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. "गुडघा फार दुखतो. शेजारीण तिची गोळी देते. साखरेच्या गोळ्यांबरोबर चालते का? तू एवढं वाचतोस, कळव." फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि लिहायला मला धीर होईना. चुकीचं सांगितलं तर?

"तुमची पुस्तकं संपेपर्यंत वन्सं गोळ्या खातच राहतील," बायको म्हणाली.

मग माझ्या डॉक्टरांना विचारलं. "काका, कोणती गोळी, त्यांची किडनी कशी, हे न पाहता कसं सांगू? तोवर शेजारणीची गोळी बंद."

त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणायला ते लाजले नाहीत.

मी लिहिलं, "अक्का, मला माहीत नाही. शेजारणीची गोळी थांबव. गुरुवारी येतो, सगळ्या गोळ्या घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ." पुन्हा न वाचताच पाकीट पोस्टात टाकलं.