उतरवणारा एकजण

"झालं म्हनालीस ना? मग फोन का लागत नाय?" मालनने रिसीव्हर कानाला लावून विचारलं. आत नुसती किरकिर चालली होती.

"थांब गो आई. लाइन लगेच तोडायची नसते."

पडद्यावर 'झालं' असं उमटलं होतं, तरी फोनच्याच तारेवर चालणाऱ्या मोडेमचे दिवे लुकलुकत होते. ते शांत होईपर्यंत सुनंदा जागची हलली नाही. ही सिद्धेशची शिकवण होती, आणि सिद्धेशची एकही शिकवण तिने आजवर मोडलेली नव्हती. मालनला पाचूबंदरच्या बहिणीला, शकूला, फोन करायचा होता. तिने रिसीव्हर आपटला आणि वाळत घातलेले बोंबील बघायला निघून गेली.

सुनंदा विरारला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. घरी आली की तिचं दुसरंच काम सुरू व्हायचं. ती आणि सिद्धेश, दोघेही अर्नाळ्याचे. जगभरच्या हौशी माणसांनी मिळून बनवलेल्या, फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी आपल्या कोळीवाड्याची बोली घातली होती. बटणं, सूचना, सगळं घरात बोलतात तसं. शब्द तिने जमवायचे आणि त्यांचं पॅकेज बांधून सर्व्हरवर चढवणारी स्क्रिप्ट त्याने लिहायची, अशी वाटणी होती. मग सिद्धेशला अमेरिकेत नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर तो म्हणाला, "तू चढवत रहा. मी कुठंही असलो तरी पहिलं मीच उतरवीन."

सुरुवातीला त्याचे मेल यायचे. पुढे फक्त होळीला. मग तेही थांबले.

पण सुनंदाने दर महिन्याला नवं पॅकेज चढवलं, की ते उतरवून घेणाऱ्यांचा, म्हणजे डाउनलोड करणाऱ्यांचा, आकडा दिसायचा. एक. कधी दोन नाही. एका महिन्यात मात्र 'झालं' दिसलं आणि त्याच क्षणी लाइट गेली, तेव्हा आकडा शून्यावरच राहिला. सिद्धेश आजारी तर नसेल? तिने किल्ल्याच्या बेटावरच्या कालिकामातेला ओटीचा नवस बोलला. पुढच्या महिन्यात पुन्हा एक! होडीतून पलीकडे जाऊन तिने ओटी भरली आणि देवळातच रडून घेतलं. क्लासमध्ये पोरांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारून सळो की पळो करणारी ही बाई, स्वतःला मात्र काही विचारत नव्हती.

अशात शकूमावशीने पाचूबंदरचं स्थळ आणलं. दिवाकर, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. पाहायला आला तेव्हा संगणकाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही आपली भाषा यात घातली म्हनतात."

"कोणी वापरत नाही फारसं."

"माज्याकडं कॉम्प्युटर नाय. पन तुम्ही शिकवलं तर मी वापरीन."

सुनंदाला हसू आलं. तो तिला आवडला, आणि याचाच तिला राग आला.

"त्यांना दुसरीकडनं पन विचारतायत," मालन म्हणाली. "काय तो एकदा जबाब दे, बाय. किती वाट बघशील?"

त्याच आठवड्यात त्या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या लोकांचा मेल आला. मूळ प्रकल्प फार अवजड झालाय. भाषांच्या पॅकेजिंगच्या स्क्रिप्ट आता वेगळ्या प्रकल्पात जातील. ज्याने त्याने आपली भाषा तिकडे हलवावी. सुनंदाने मनाशी ठरवून टाकलं. जुन्या जागी फक्त नवा पत्ता लिहून ठेवायचा. सिद्धेश खरंच वाट बघत असेल, तर तो शोधत तिथे येईल. आकडा एक झाला तर सिद्धेशसाठी थांबायचं. शून्य राहिला तर दिवाकरला हो म्हणायचं.

या कामात एक दंडक असतो. आधी सगळं जसंच्या तसं हलवायचं, सुधारणा नंतर करायच्या. हलवतानाच हात घातला, तर बिघाड कुठून आला ते कळत नाही. सुनंदाला हा दंडक फार सोयीचा वाटला. सिद्धेशची स्क्रिप्ट तिने आजवर कधी वाचलीच नव्हती. एक आज्ञा दिली की ती चालायची. गेलेल्या माणसाचा सदरा खुंटीवर तसाच राहू द्यावा, तशी ती तिने राहू दिली होती. तिने फाईल उचलून नव्या जागी ठेवली, पहिल्या ओळीतला पत्ता बदलला आणि पॅकेज चढवलं.

'झालं.' दिवे लुकलुकत राहिले. तिने देवीचं नाव घेतलं. सकाळी आकडा पाहिला.

एक.

ती अंगणात धावली. "आई, मावशीला नाही म्हणून कळव."

मालन तिच्याकडे बघतच राहिली. मग फोनकडे गेली.

पावसाळा सरला आणि बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. दिवाकरचं लग्न लागलं. शकूमावशीने जेवणाची फार तारीफ केली. सुनंदाने ती हसतमुखाने ऐकली. तिला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. तिचा माणूस तिच्या मागोमाग नव्या पत्त्यावर आला होता.

मग नव्या प्रकल्पाकडून निरोप आला: हलवून झालं, आता ज्याने त्याने आपापली स्क्रिप्ट सुधारावी. रविवारी दुपारी सुनंदाने सिद्धेशची फाईल उघडली आणि पहिल्यांदाच पहिल्या ओळीच्या पुढे सावकाश, चवीने वाचू लागली. प्रत्येक ओळीत त्याचा हात ओळखू येत होता. शब्द गोळा कर. पॅकेज बांध. सर्व्हरवर चढव. पडद्यावर 'झालं' लिही.

त्याखाली आणखी एक ओळ होती: चढवलेलं पॅकेज आता याच संगणकावर एकदा उतरवून घे आणि नीट पोचलं का ते बघ.