दुसऱ्या नंबरची खुर्ची

उपसरपंच सुनील पेपर नाचवतच गावच्या अभ्यासिकेत शिरला. "बघ वृषाली! बिबट्याचा पिंजरा उसात ओढत नेला मी, आन फोटो छापला सरपंचांचा. माझं नुसतं कोपर आलंय!"

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या वृषालीला हसू आवरेना. "काका, अमेरिकेच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षानं पण हेच रडगाणं गायलं होतं. बायकोला पत्र लिहून कळवलं, की माझ्या पदाइतकं बिनमहत्त्वाचं पद दुसरं नसेल."

सुनीलनं फोटो पुन्हा न्याहाळला. सरपंचांच्या गळ्यात हार काय, तोंडावर हसू काय, जसा काही बिबट्या यांनीच हातानं धरलाय!

"लई नशीबवान माणूस," तो पुटपुटला.

"कोण, सरपंच?"

"न्हाई गं, तो अमेरिकेतला. बायकोपाशी मन तरी मोकळं करता आलं त्याला."

"मग तुमी पण काकूंना सांगा की."

सुनीलनं पेपराची घडी घातली. "त्याची बायको राष्ट्राध्यक्ष न्हवती, वृषाली."