नको म्हटलं तर

‘माणूस नको म्हणाला, तर थांब.’ सुमेधा खांबेटेंनी ही सूचना शुश्रूषायंत्रांच्या प्रोग्राममध्ये पुन्हा लिहिली आणि आयडीईने, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या हुशार सॉफ्टवेअरने, ती पुन्हा पुसली. शेजारी शेरा उमटला : अनावश्यक, शुश्रूषेत व्यत्यय.

कालच एकादशीला घरच्या शुश्रूषायंत्राने त्यांच्या आईला धरून वरणभात भरवला होता. तेव्हापासून आई बोलत नव्हती.

“पोटात गेलं, चांगलंच झालं की!” विभागप्रमुख राजाध्यक्ष हसले. “मॅडम, आयडीईला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

“कळत असेल. ऐकत नाही ना पण.” सुमेधाताईंनी आयडीई बंद करून साधा एडिटर उघडला. तिथे कोणी सुचवत नव्हतं, पुसतही नव्हतं.

“त्यात लिहायला बंदी आहे. नोकरी जाईल!”

“जाऊ दे, सर. आजपासून आयडीईत एक अक्षर लिहिणार नाही. नेम केलाय मी.”

त्यांनी ओळ लिहिली, खाली स्वतःचं नाव घातलं आणि राजाध्यक्ष पुढे येईपर्यंत ती घरोघरच्या यंत्रांना पाठवूनही दिली.

संध्याकाळी घरी यंत्राने आईपुढे चमचा केला.

“नको,” आई पुटपुटली.

हात हवेतच थांबला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं, आण आता.”