तिसऱ्या ओळीतला सूर

क्लीथसनं गिटारची पेटी पायरीवर ठेवली आणि तो खालीच उभा राहिला.

"वर ये की. खुर्ची काय चावते?" ओसरीवरून ओझेल म्हणाला. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. "पाय घासत चालणारा या टेकड्यांत एकच माणूस. आता मोठा गवई झालाय म्हणे."

उद्या दुपारी गावच्या चौकात क्लीथसच्या नावाचा फलक लागणार होता. नावाखाली त्या गाण्याचं नाव होतं, ज्यानं त्याला मिसिसिपीतून शिकागोपर्यंत नेलं. गाणं ओझेलचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी क्लीथस याच घराच्या खिडकीशी गुपचूप बसायचा आणि आंधळ्याची बोटं बघायचा. फलक लागायच्या आधी हे सांगून टाकायचं, म्हणून तो आला होता.

"दादा, एक बोलायचं होतं."

"बोलशील. आधी ते वाजव. माझ्या बोटांच्या आता गाठी झाल्यात."

कोणतं, हे क्लीथसनं विचारलं नाही. गिटार काढून, तारांवरून घसरवायची काचेची नळी करंगळीत घालून तो वाजवू लागला. तिसरी ओळ संपताना ओझेलनं हात वर केला.

"हा शेवटचा सूर. चुकीचा आहे."

"रेकॉर्डवर असाच आहे, दादा."

"असणारच. खिडकीशी कुणी आहे असं वाटलं, की तो मी मुद्दाम खाली घ्यायचो. आम्ही सगळेच वाजवणारे असं काहीतरी करायचो. चोरानं न्यायचं तर खोटं न्यावं." ओझेल हसला. "तू कच्चा कांदा खाऊन यायचास, गाढवा. वास आत यायचा."

आत मासे तळणारी त्याची भाची व्हर्लीन म्हणाली, "पण मामा, आता सगळे तस्साच वाजवतात."

क्लीथसची मान वर होईना. "खरा सूर सांग, दादा. उद्या चौकात तोच वाजवतो. गाणं कुणाचं, तेही सांगतो सगळ्यांना."

ओझेल गुणगुणू लागला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच थांबला.

"इतकी वर्षं रेडिओवर तुझंच ऐकतोय रे," तो म्हणाला. "आता मलाही तोच येतो."